चार पदर, साठ चौकटी

तेहतीस वर्षं मी गणित शिकवलं आणि तेहतीस वर्षं एकाच प्रश्नावर चिडत आलो. "सर, याचा पुढे उपयोग काय?" दरवर्षी कोणीतरी विचारायचंच. चिडायचं कारण सरळ होतं, मला उत्तर येत नव्हतं. फळ्यावर 'क्ष'ची किंमत काढणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी 'क्ष' विकत आणला नव्हता की मोजून कोणाला दिला नव्हता. उत्तर नसलं की मास्तर आवाज चढवतो. मीही चढवायचो.

हा प्रश्न सगळ्यांत तोंडावर विचारला तो सरला नावाच्या मुलीने. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तापीकाठच्या आमच्या गावातल्या शाळेत ती नववीला होती. शेजारच्या गावाहून तीन किलोमीटर चालत यायची. गुजरांची पोर, घरी कापूस आणि केळी, म्हणजे खाऊनपिऊन सुखी. मी फळ्यावर परिमिती आणि क्षेत्रफळ शिकवत होतो. ती उभी राहिली आणि शाळेची मराठी सोडून थेट अहिराणीत म्हणाली, "सर, हाई कठे कामले येस?"

वर्ग हसला. माझं डोकं सटकलं. "बाहेर उभी राहा," म्हणालो. "तास संपेपर्यंत."

ती गेली. व्हरांड्यात खाली मान घालून उभी राहिली. मी पुन्हा फळ्याकडे वळलो आणि तिला विसरलो. खरं सांगायचं तर पुढची तीस वर्षं विसरलो.

दहावी झाल्यावर तिचं लग्न झालं आणि ती आमच्याच गावात भिकन पटेलची बायको होऊन आली. मुलगी झाली, भाविका. सरलाची सरलाबाई झाली. रस्त्यात दिसली की डोक्यावर पदर घेऊन "सर, बरं शे ना?" विचारायची. मी मान हलवून पुढे जायचो. मला गावातल्या निम्म्या बाया अशाच विचारतात, निम्म्या माझ्याच विद्यार्थिनी आहेत.

मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या लक्षात आलं की गावात कुठलाही आकडा अडला की माझ्याकडे कोणी येत नाही. "सरलाबाईले ईचारा," म्हणतात. मला ते बरंच लागलं. एवढी वर्षं घसा कोरडा केला आणि गावाने गणितासाठी दार धरलं ते गोधड्या शिवणाऱ्या बाईचं! मग मी चौकशी केली.

पहिली हकीकत कळली ती कपाटाची. तिचा दीर धीरज याने नंदुरबारहून लोखंडी कपाट ठरवलं होतं. ठेवायचं मागच्या खोलीत, तिथे माळा असल्यामुळे उंची ऐंशी इंच. कपाट अठ्ठ्याहत्तर इंच. दोन इंच मोकळे राहतात म्हणून धीरज खूश. सरलाबाई म्हणाली, "भाऊ, हाई उभं ऱ्हावाव नही." का? तर दारातून कपाट आडवं आत न्यायचं आणि मग उभं करायचं. उभं करताना ते तिरपं होतं, आणि तिरपं असताना ते अठ्ठ्याहत्तर राहत नाही, कर्णाएवढं होतं. कपाटाची खोली एकोणीस इंच. तिने ओट्यावर खडूने वर्ग मांडले आणि म्हणाली, ऐंशीहून पाव इंच जास्त भरतंय. धीरज हसला. "वहिनी, पाव इंचनं काय घेऊन बसनी!" कपाट आलं, चार माणसांनी आत नेलं, उभं करायला गेले आणि माळ्याला अडकलं. ना उभं ना आडवं. शेवटी पाय कापून काढले. ते बुटकं कपाट अजून तिथे आहे. मी जाऊन पाहून आलो आणि घरी येऊन गणितही करून पाहिलं. बरोबर पाव इंच.

दुसरी हकीकत भंडाऱ्याची. गावाच्या भंडाऱ्याला पितांबर आचारी खिचडी करतो. त्याचा सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे, एका वर्षी पातेलं उरायचं, दुसऱ्या वर्षी शेवटची पंगत उपाशी. सरलाबाईने त्याला त्रैराशिक शिकवलं. पन्नास माणसांना किती तांदूळ लागले ते एकदा नीट मोज, म्हणाली, मग पुढचं सगळं त्यावरून काढ. आता पितांबर तिला विचारल्याशिवाय चूल पेटवत नाही. भिकनच्या शेतात पपई लावायची ठरली तेव्हाही तिनेच सांगितलं, सात बाय सात फुटांवर एकरी आठशे एकोणनव्वद रोपं बसतील, बांधाकडची सोडून धरा. रोपवाटिकेतला माणूस म्हणे मोबाइल काढून आकडे दाबतच होता.

पण तिचं खरं काम गोधडीचं. दुपारी शेतातून आली की घराच्या ओट्यावर बसायची. पुढ्यात जुनी लुगडी, धोतरं, चादरी. शाळेतून भाविकाच्या हाती खडूचे तुकडे मागवायची आणि कापडावर खुणा करायची. तिच्याकडे कापड आणून दिलं की ती आधी नुसती बघत बसते. कुठे विरलंय, कुठे शाबूत आहे, किती आत घालायचं, किती वर दिसू द्यायचं. मग टेप काढते. बाकीच्या बाया वीत आणि हात लावून मोजतात, आणि एकीची वीत दुसरीला लागत नाही म्हणून गोधडीचे कोपरे पळतात. सरलाबाईच्या गोधडीचे चारही कोपरे काटकोनात असतात. "सरसनं काटकोन शिकाडेल शे," ती म्हणते. माझ्याबद्दल ती असं गावभर बोलत होती आणि मला पत्ताही नव्हता.

तिच्याकडे मी गेलो तो माझ्या गरजेने गेलो.

माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली. ती गेल्यावर तिच्या साड्या नात्यातल्या बायकांना वाटल्या, तशी रीत आहे. चार मात्र मी ठेवून घेतल्या. रोजच्या वापरातल्या सुती साड्या. अंगाला विरलेल्या, पण पदर चारही शाबूत. त्यांतली एक मोरपंखी, चेतनाच्या बारशाला घेतलेली. चेतना आमची एकुलती एक मुलगी, सुरतेला दिलेली. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पण माहेरी करणारी नव्हती. मी एकटा म्हातारा, मला स्वतःचा वरणभात धड जमत नाही. तेव्हा बाळंतपण सुरतेलाच करायचं ठरलं.

एक दिवस तिचा फोन आला. "पप्पा, आईच्या साड्या आहेत ना? त्यांची गोधडी करून आणा. तुम्ही दोघं मला जिच्यात घेऊन झोपायचात ना, तेवढीच हवी. मला आणि बाळाला दोघांना पुरली पाहिजे." मग म्हणाली, "पदर वर घ्या. बाळाला आजी दिसायची नाही, निदान आजीच्या पदराखाली झोपेल."

मी चारही साड्या काढून समोर ठेवल्या. मग तिने एक चित्र पाठवलं. कुठल्याशा गोधडीचं, चौकटी चौकटींचं. असं करा, म्हणाली.

आता ही बाब गणिताची होती आणि मी गणिताचा मास्तर. आमची जुनी गोधडी कधीच फाटून गेली होती, पण तिचं माप मला पाठ होतं. साडेचार फूट रुंद, साडेसात फूट लांब. म्हणजे चोपन्न इंच बाय नव्वद. चार पदर मोजले. शाबूत भाग प्रत्येकी सत्तावीस इंच, आणि पन्हा पंचेचाळीस. आलेखाचा कागद काढला. नऊ इंचांची चौकट धरली तर एका पदरातून तीन पंचे पंधरा चौकटी. चार पदरांच्या साठ. सहाची एक ओळ, अशा दहा ओळी. नवा सक चोपन्न, नवा दाहे नव्वद. बरोब्बर! एक इंच उरत नाही, एक इंच कमी पडत नाही. मी इतका खूश झालो की कागदाखाली सही करून तारीख घातली. माणूस म्हातारा झाला तरी पैकीच्या पैकी गुण मिळाल्याचा आनंद सुटत नाही.

साड्या आणि कागद घेऊन मी सरलाबाईच्या ओट्यावर गेलो. तिने पाट दिला, भाविकाने पाणी आणलं. मी साड्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने मोरपंखी साडी ओळखली. "हाई तं काकूनी," म्हणाली आणि तिच्यावरून हात फिरवला.

मी कागद उघडला आणि शिकवायला लागलो. साठ चौकटी, सहाची ओळ, दहा ओळी. ती लक्ष देऊन ऐकत होती, मान हलवत होती. मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, "सर, पन शिवनमा..."

"आधी पूर्ण ऐकून घे," मी म्हणालो. "मधेमधे बोलू नकोस."

ती गप्प झाली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, लग्नाला आलेल्या मुलीची आई, अशी गप्प झाली जशी नववीत झाली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, अजून आपला वचक आहे म्हणून बरंच वाटलं.

"कापायला घे," मी म्हणालो. "माझ्यासमोर एक तरी कापून दाखव. आकडे चुकायला नकोत."

"सर, आजच?"

"आजच. त्यात काय आहे?"

तिने मोरपंखी बाजूला सारली आणि दुसरी उचलली. मीच म्हणालो, हीच आधी घे, ही चेतनाच्या बारशाची. तिने माझ्याकडे पाहिलं. खडूने रेघा मारल्या, पदर कापला, पंधरा चौकटी केल्या आणि एकावर एक रचून ठेवल्या. मी टेपने मोजल्या. नऊ बाय नऊ. शाब्बास, म्हणालो आणि घरी आलो.

तिसऱ्या दिवशी भाविका दारात. "सर, आईनं बोलवलंय. टेप घेऊन या म्हणाली."

टेप घेऊन या हे ऐकूनच मला खटकलं. टेप तिच्याकडे आहे की. गेलो. ओट्यावर तिने कापडाची एक लांब पट्टी पसरून ठेवली होती. जुन्या चादरीच्या सहा चौकटी एकमेकींना शिवलेल्या, चारही कडा आत दुमडलेल्या. साड्या कुठेच दिसत नव्हत्या.

"सर, हाई मोजा," ती म्हणाली. "नऊ-नऊ इंचन्याच कापेल शेतस. सहा."

मी मोजलं. नवा सक चोपन्न यायला हवे होते. अठ्ठेचाळीस आले.

पुन्हा मोजलं. टेपचं टोक नीट धरलं. अठ्ठेचाळीस.

तेव्हा मला कळलं, आणि कळताच कानशिलं तापली. चौकटीला चौकट शिवायची म्हणजे प्रत्येकीच्या कडेचा अर्धा इंच शिवणीत जातो. इकडून अर्धा, तिकडून अर्धा. नऊची चौकट शिवली की आठची होते. फळ्यावरच्या रेषेला जाडी नसते, मी तेहतीस वर्षं तेच शिकवत आलो. कापडावरची रेघ अर्धा-अर्धा इंच खाते. साठ चौकटी शिवल्यावर माझी चोपन्न बाय नव्वदची गोधडी अठ्ठेचाळीस बाय ऐंशी होणार होती. पाचव्या हिश्शाहून जास्त कापड शिवणीतच गडप. आईने पांघरली तर बाळ उघडं, बाळावर घातली तर आईचे पाय बाहेर. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण अंथरूणच मास्तराने चुकवलेलं!

आणि आणखी पदर कुठून आणणार होतो मी? चारच होते. दुकानात मिळणारी वस्तू नव्हती ती.

माझा स्वभाव वाईट. चूक माझी असली की मी आधी दुसऱ्यावर ओरडतो. "तू त्याच दिवशी का नाही सांगितलंस?" मी म्हणालो.

ती शांतपणे म्हणाली, "सांगाले गयी तं तुम्हीन म्हनात, मधेमधे बोलू नको."

भाविका आत निघून गेली. हसायलाच गेली असणार.

"मोरपंखी तर कापली गेली," मी म्हणालो. "बारशाची होती ती. मीच कापायला लावली." आणि मी तिथेच ओट्यावर बसलो. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी एका विद्यार्थिनीसमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलंही नाही.

ती उठून आत गेली. मग आतून साड्यांचं गाठोडं आणलं. "सर, येकच कापेल शे. बाकीना तीन पदर मी हात नही लावा. तुम्हीनच शिकाडं ना, पहिले कच्ची वहीमा, मंग पक्कीमा. म्हनीसन पहिले चादरवर करी देखं."

"मग ही एकच ओळ का शिवलीस?"

"बठ्ठी गोधडी शिवानी काय गरज? येक ओळमा सहा चौकटी, सहा इंच गयात. मंग धा ओळीसमा लांबी धा इंच जाई. त्रैराशिक."

गुरूची विद्या गुरूला, असं म्हणतात ते याला. आता ती शिकवत होती आणि मी खाली बसलो होतो.

तिने खडू घेतला आणि ओट्याच्या फरशीवर काढून दाखवलं. उरलेले तीन पदर कापायचेच नाहीत. अख्खे ठेवायचे. तुकडे जितके लहान, तितक्या कडा जास्त, आणि कडा जास्त म्हणजे शिवण जास्त. अख्खा पदर शिवला तर चारी बाजूंनी अर्धाच इंच जातो. सत्तावीस बाय पंचेचाळीसचा सव्वीस बाय चव्वेचाळीस होतो. दोन पदर शेजारी, दोन त्यांच्याखाली. गोधडी बावन्न बाय अठ्ठ्याऐंशी. ठरल्या मापाहून फक्त दोन-दोन इंच कमी. टाके घातल्यावर अजून इंचभर आटेल, तेही तिने धरलं होतं. विरलेल्या साड्या आत जातील, त्यांची ऊब येईल.

"आणि चेतनाला चौकटी हव्यात त्या?"

"दोरानी काढसू. दोरा कापड खात नही."

"आणि मोरपंखी?"

मोरपंखीच्या पंधरा चौकटी शिवल्या की तो तुकडा चोवीस बाय चाळीस भरणार होता. त्याला त्याच्या जागी बसवायला हवा सव्वीस बाय चव्वेचाळीस. म्हणजे लांब कडांना एकेक इंच आणि आखूड कडांना दोन-दोन इंच पट्टी लावावी लागणार.

"पट्टी कशाची लावणार?" मी विचारलं. "काकूंच्या साडीचं काही उरलं नाही. बाकी अंग विरलंय."

ती हसली. पहिल्यांदाच मोकळं हसली. "सर, तुमना एखादा जुना पांढरा शर्ट शे ना? शाळाना? तुमनी चूक तुमनाच शर्टघाई भरी काढू."

शहाण्याला शब्दांचा मार पुरतो म्हणतात, तो मला पुरला. घरी जाऊन कपाटातला शर्ट काढून आणला. तेहतीस वर्षांतल्या कुठल्यातरी वर्षाचा, कॉलर झिजलेला, पण पाठ शाबूत.

शर्ट तिच्या हातात देताना मी विचारलं, "सरला, हे तुला कुणी शिकवलं? लहान तुकडे, जास्त कडा. पुस्तकात असं कुठे लिहिलेलं नाही. मीही कधी असं सांगितलं नाही."

"तुम्हीनच शिकाडं," ती म्हणाली. "मी ईचारं व्हतं ना, हाई कठे कामले येस, आनी तुम्हीन माले बाहीर उभं करं?"

मला वाटलं होतं ती ते विसरली असेल. माणसाला आपण केलेल्या गोष्टी विसरायची सोय असते, ज्याला केल्या त्याला नसते.

पण तिच्या आवाजात राग नव्हता. ती सांगत गेली. बाहेर उभी होते, म्हणाली, खाली मान घालून. खाली फरशी. आपल्या वर्गापुढे मोठ्या शहाबादी फरशा होत्या आणि हेडमास्तरांच्या खोलीपुढे लहान. तास संपेपर्यंत करायचं काय, म्हणून मोजत बसले. मोठ्या फरशांत सिमेंटच्या रेघा थोड्या. लहान फरशांत रेघाच रेघा. जागा तेवढीच, पण सिमेंट किती जास्त लागलं! आतून तुमचा आवाज येत होता, परिमिती, क्षेत्रफळ. "मंग माले समजनं. आतमा बशी ऱ्हायती तं समजतंच नही."

जी शिक्षा मी रागाच्या भरात दिली आणि विसरून गेलो, तिच्यातून या पोरीने धडा काढला होता, आणि आता त्याच धड्याने माझ्या बायकोचे तीन पदर वाचवले होते. मला माफी मागायची होती. ती न मागताच घरी आलो. मास्तरांना माफी मागायची सवय नसते.

पुढचे वीस-बावीस दिवस मी रोज दुपारी तिच्या ओट्यावर जायचो. तिने मला काम दिलं, सुईत दोरा ओवायचं. माझी नजर जवळची कमजोर, मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून धडपडायचो आणि शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "सर, आज कितला मार्क?" सरलाबाई विचारायची. मी म्हणायचो, "पस्तीस. काठावर पास." तिची सुई कापडात जायची आणि यायची, एका रेघेत, टाका टाक्याएवढाच. अख्ख्या पदरांवर दोऱ्याच्या चौकटी उमटत गेल्या. मोरपंखीच्या पंधरा चौकटी माझ्या शर्टाच्या चौकटीत बसल्या. पांढरी पट्टी दोन बाजूंनी एक इंच, दोन बाजूंनी दोन इंच.

चेतनाला मुलगी झाली. मी गोधडी घेऊन नंदुरबारहून सुरतेच्या गाडीत बसलो. नवापूर गेल्यावर शेजारच्या बाईने पिशवीकडे बघून विचारलं, काय नेताय भाऊ? मी उघडून दाखवली. ती हात लावून म्हणाली, कोणी शिवली? मी म्हणालो, "माझ्या विद्यार्थिनीने." हे सांगताना छाती किती फुगली ते सांगायलाच नको. श्रेय फुकटात घ्यायची मास्तरांना चांगली सवय असते.

चेतनाने गोधडी पलंगावर पसरली. मी खिशातून टेप काढला. ती म्हणाली, "पप्पा, आताही?" मी मोजली. एक्कावन्न बाय सत्त्याऐंशी. सरलाबाईने सांगितलेली आटसुद्धा बरोबर उतरली होती. चेतना बाळाला घेऊन आडवी झाली आणि मी त्यांच्यावर गोधडी टाकली. दोघी पुरल्या. पायसुद्धा झाकले गेले आणि वर गळ्याशी घ्यायला वीतभर उरली.

चेतनाने मोरपंखी कोपऱ्यावर हात फिरवला. "ही माझ्या बारशाची ना? ही एवढीच तुकड्या-तुकड्यांची का? आणि भोवती पांढरं काय आहे?"

"ती माझी चूक आहे," मी म्हणालो. "आणि तो माझा शर्ट आहे."

मी तिला सगळं सांगितलं. फळ्यापासून व्हरांड्यापर्यंत. ती ऐकत होती आणि बोटाने त्या पांढऱ्या पट्टीवरून चाचपत होती. मग तिने बाळाला उचलून त्या बाजूला निजवलं, बाळाचा गाल मोरपंखीवर आणि मूठ माझ्या शर्टावर. आम्ही दोघंही थोडा वेळ रडलो, मग तिच्या सासूबाईंनी चहा आणला.

परत आलो तो गाडीतून उतरल्यावर घरी न जाता थेट सरलाबाईकडे गेलो. ती ओट्यावर कोणाच्या तरी धोतराच्या घड्या करत होती. मला बघून उठली. "सर, पुरनी का?"

"पुरली. दोघींना पुरली."

तिने डोळे मिटून हात जोडले. देवाला की माझ्या बायकोला, मला माहीत नाही. मग म्हणाली, "या ना सर, आतमा या. बठा. चहा ठेवस."

मी ओट्यावर चढलो आणि दारातच थांबलो.

"सरला," मी म्हणालो, "तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर मला येत नव्हतं, म्हणून मी तुला बाहेर काढलं. आज मी बाहेर उभा राहतो. तास संपेपर्यंत."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. डोळे भरून आले होते, पण बाई वस्ताद. दारातून माझ्याकडे बघत म्हणाली, "उभंच ऱ्हावानं व्हई तं मंग फरश्या मोजा सर."

आणि चहा ठेवायला आत गेली. मी मोजल्या. सहाच्या नऊ ओळी, चोपन्न. एक कोपऱ्यात फुटलेली होती, तीही धरली.